पाच वाजल्यानंतरची ७६ लाख मतं आणि फॉर्म १७-सी

भाच्याने परवा एक फिरता मजकूर पाठवला. त्याचा सारांश असा: २०२४ च्या विधानसभेला महाविकास आघाडी फक्त मतदान यंत्रामुळे (ईव्हीएम मशीनमुळे) हरली, पाचनंतर ७६ लाख मतं घुसवली, पडलेल्या मतांपेक्षा मोजलेली पाच लाखांनी जास्त निघाली, लोकसभेला ३० जागा देणारी जनता पाच महिन्यांत फिरत नाही, म्हणून पक्षाने शिकण्यासारखं काहीच नाही आणि बूथवर पक्षाचा एजंट बसवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. खाली त्याचा प्रश्न, "मामा, मग आम्ही बसायचं कशाला?"

पोरांना बूथवरून उठवणारं हे शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तेच.

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष 'क्लोज' बटण दाबतो आणि कंट्रोल युनिटवर (मशीनच्या मतं साठवणाऱ्या भागावर) दिसणारी एकूण मतं फॉर्म १७-सीच्या पहिल्या भागात लिहितो. मशीनचे क्रमांक आणि पेपर सीलचा हिशेबही त्यातच असतो. निवडणूक नियम ४९-एस सांगतो की मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला याची खरी प्रत द्यायची आणि पोच घ्यायची. हजर असलेल्या! चार वाजता घरी गेलेल्याच्या हातात कागद येत नाही. मोजणीला मशीन टेबलावर आलं की क्रमांक, सील आणि एकूण मतं या प्रतीशी ताडायची. फरक दिसला तर तिथल्या तिथे लेखी हरकत. प्रतच नसेल तर मोजणी एजंट ताडणार कशाशी?

सकाळचंही तसंच. मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोलची (चाचणी मतदानाची) किमान ५० मतं टाकतात, मग 'क्लिअर' करून शून्य दाखवतात आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या बाहेर काढतात. घाईत 'क्लिअर' राहून गेलं तर ती मतं खऱ्या मतांत मिसळतात. समोर बसलेला एजंटच हे जागेवर पकडू शकतो.

आता ७६ लाख. पाच वाजताचा ५८.२२ टक्के हा तात्पुरता अंदाज होता, अंतिम आकडा ६६.०५. मतदान सहापर्यंत होतं, आणि सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठी देऊन मत देऊ देतात. राज्यात सुमारे एक लाख केंद्रं, म्हणजे केंद्रामागे सरासरी ७६ मतं. मशीन 'क्लोज' झाल्यावर मतं घुसवली असतील तर १७-सीची बेरीज आणि फॉर्म २० मधली (निकालाच्या अंतिम तक्त्यातली) केंद्रनिहाय मतं जुळणार नाहीत. मग एका तरी मतदारसंघाच्या सगळ्या प्रती शेजारी ठेवून दाखवा.

पाच लाखांचा फरक टपाली मतांचा. ती ५,३८,२२५ होती आणि मशीनच्या आकड्यात धरलेली नव्हती. विषय संपला.

एक गोष्ट मान्य करावीच लागते. लोकसभा ते विधानसभा मतदारयादी सुमारे ४० लाखांनी फुगली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून सीसीटीव्ही चित्रण पाहण्याची वाट अडवली गेली. यावर निवडणूक आयोगाला धारेवर धरलंच पाहिजे. पण यादीतलं बोगस नाव फॉर्म ७ (नाव वगळण्याचा अर्ज) भरून वेळेत हटवायला लावणारा माणूसही बूथवरचाच असतो.

राहिलं जनतेचं फिरणं. लोकसभेला महाविकास आघाडीच्या ३० आणि महायुतीच्या १७ जागा असल्या तरी दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. तो काठावरचा निकाल लाट समजून नेते जागावाटपात भांडत बसले. त्याच काळात ऑगस्टपासून लाडक्या बहिणींच्या खात्यात दीड हजारांचे हप्ते पडत होते आणि मतदानाआधी साडेसात हजार जमाही झाले होते. महाविकास आघाडीने महिलांना कबूल केलेले तीन हजार जाहीरनाम्यातच होते. दक्षिण सोलापुरात तर काँग्रेसच्या नेत्यांनी मतदानाच्या दिवशीच मित्रपक्षाचा उमेदवार सोडून अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. तेव्हा लोक मशीनसमोर रांगेत उभे होते.