साप मानेमागे धरला की चावत नाही म्हणे!

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, आफ्रिकेत नोकरीला असलेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तर जास्तच. त्यात म्हटलंय की तिथले जमिनीखाली राहणारे साप फक्त कोरड्या वाळूत सापडतात, सगळे आपल्या वाळ्यासारखे आंधळे आणि बिनविषारी असतात, मानेमागे धरले की काही करू शकत नाहीत, आणि चावलाच तर अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, आहेच.

आधी वाळूचं. कलहारीच्या वाळूत राहणारे काही आहेत, मान्य. पण कॅलाबार बोआ लायबेरियापासून काँगोपर्यंतच्या पावसाळी जंगलात पालापाचोळ्याखाली, उंदरांच्या बिळांत फिरतो आणि तिथली पिल्लं खातो. गोमा खाणारे छोटे साप कुजक्या ओंडक्याखाली नाहीतर जुन्या वारुळांत मिळतात. भुसभुशीत माती आणि खाणं जिथे, तिथे हे.

वाळ्यासारखे? काही आहेत की! श्लेगेलचा आंधळा साप जवळजवळ तीन फुटांचा होतो आणि वाळवी खातो, माणसाला काही करत नाही. (आपला वाळासुद्धा कुंड्यांच्या मातीतून आफ्रिकेत पोचलाय.) पण त्याच मातीत ॲट्राक्टास्पिस नावाचा विषारी साप पण राहतो, ज्याला स्टिलेटो स्नेक म्हणतात. काळा-तपकिरी, चकचकीत, बहुतेक वेळा दीड-दोन फुटांचा, डोळे बारीक, डोकं मानेपेक्षा रुंद नाही, म्हणजे दिसायला अगदी गरीब.

आणि आता ते मानेमागे धरायचं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. उंदराच्या अरुंद बिळात तोंड उघडून झडप घालायला जागाच नसते, म्हणून या सापाचा लांब सुळा तोंड जवळपास बंद असतानाच बाजूने बाहेर येतो, टोक मागच्या दिशेला, आणि साप डोकं खाली-मागे झटकून तो शेजारच्या पिल्लात खुपसतो. मग तुम्ही मानेमागे दोन बोटं लावली की ती बरोब्बर सुळ्याच्या टप्प्यात येतात ना! नाग-घोणशीवर हात बसलेले लोकसुद्धा इथे फसतात. छेडल्यावर मान कमानीसारखी करून नाक जमिनीला टेकवणारा साप दिसला तर लांबूनच बघा. पावसानंतर रात्री हे वर येतात, घरातही शिरतात, जमिनीवर झोपलेल्यांना चावे बसतात.

अँटीव्हेनमचं तर विचारूच नका. भारतातलं नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनतं, ते बॅगेत घालून नेऊन या सापावर उपयोग शून्य, आणि दक्षिण आफ्रिकेतलं पॉलीव्हॅलंट (अनेक सापांच्या विषांवर मिळून एकच) पण या विषावर चालत नाही. या स्टिलेटो स्नेकच्या बिब्रॉन नावाच्या जातीचा चावा सहसा जीव घेत नाही पण प्रचंड दुखतं, सूज येते, मांस सडतं, कधी बोट कापावं लागतं. दुसऱ्या काही जातींच्या चाव्याने माणसं गेलेली आहेत, त्यांच्या विषातली सॅराफोटॉक्सिन्स हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात. त्यामुळे चिरा मारणं, आवळून बांधणं, चोखणं काही नको, अंगठ्या काढा आणि सरळ दवाखाना गाठा, तिथे दुखणं कमी करतात, जखम सांभाळतात आणि हृदयावर लक्ष ठेवतात.