अर्थिंगचा अनर्थ

जुन्या मोटरसायकलचे मेकॅनिकल बिघाड स्वभावाने सरळ असतात. क्लचची केबल तुटली की तुटलेली दिसते, चेन उतरली की भर चौकात लोंबते. इलेक्ट्रिकल बिघाड मात्र पक्का लबाड. ठिणगीच्या वायरिंगमधला चिमुकला कंडेन्सरच घ्या. गार असताना गुणी बाळ, तापला की गाडी बंद. मेकॅनिक येईपर्यंत तो पुन्हा गार होतो, गाडी पहिल्या किकला सुरू होते आणि मेकॅनिक आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, ती सहन करायला वेगळी छाती लागते.

माझ्याकडे येझदी आहे. 250 सीसी, दोन सायलेन्सर, सहा व्होल्टची बॅटरी आणि किक-गिअरला मिळून एकच दांडा. तो आत दाबून वर उचलला की किक, मारून झाली की परत पुढे आणायचा, मग गिअर. नवख्या माणसाचा अर्धा तास किक शोधण्यात जातो, त्यामुळे चोरीची चिंता नाही. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. तेव्हापासून आमचं सर्व्हिस सेंटर म्हणजे पुण्यातल्या नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आणि गॅरेजवाले चाचा.

पहिल्या पावसात ती सिग्नलला बंद पडली. "पेट्रोल आहे ना?" हा प्रश्न विचारायला तीन रिक्षावाले थांबले. मग एक आजोबा छत्री मिटून पुढे आले. "आमच्याकडेही होती." संपलं! ज्यांच्याकडे 'होती', त्यांना हात लावू नका म्हणता येत नाही. त्यांनी ठिणगी पाडणारा प्लग काढला, हुंगला, धोतराला पुसला, वायरच्या कॅपमध्ये खोचून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "इंजिनला टेकवून धर. मी किक मारतो."

कॉइल त्या सहा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. त्यात कॅप ओली. झटका थेट कोपरापर्यंत.

"करंट येतोय का?"

"येतोय," मी हात झटकत म्हणालो.

"मग प्लग चांगला आहे." उघड्यावर पडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली पडेलच असं नाही, हे सांगायला माझ्या तोंडून शब्द फुटेना.

खरी मौज दिव्यांची. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच तालात डोळे मिचकावायचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे. चाचांनी सीट उचलली, बॅटरीची निगेटिव्ह वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे बसते तो नट सोडला आणि नुसतेच हसले. कुण्या हौशी आधीच्या मालकाने चासी रंगवताना नटाखालीही दोन हात मारले होते. करंटला बॅटरीकडे परतायला चासीचाच रस्ता, तेच अर्थिंग. तोच अर्धा बंद, म्हणून एका दिव्याने करंट ओढला की बाकीचे मंदावत होते. चाचांनी पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड चमकवलं, नट आवळला. दिवे एकदम शिस्तीत.

"साहेब, आता हॉर्न बघा," चाचा म्हणाले. वाजला. खणखणीत. फक्त हँडल डावीकडे वळवलं तर न दाबताही वाजतो, वायर कुठेतरी सोलवटली आहे. आमच्या सोसायटीचं गेट डाव्या हाताला. वॉचमन हल्ली माझ्याशी बोलत नाही.