‘जागा मोकळी करा’ने गुगल खाते रिकामे होत नाही

गुगल फोटोजमधील ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबताच गुगल खात्यात जागा होते, असा संदेश मालवण-वेंगुर्ल्याकडील व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. या बटणाने बॅकअप झालेल्या फोटोंच्या केवळ फोनमधील प्रती जातात, आणि जीमेल, ड्राइव्ह व फोटोज मिळून वापरली जाणारी १५ जीबींची मोफत जागा होती तितकीच भरलेली राहते. दशावताराचे तासभराचे व्हिडिओ आणि जुन्या मेलमधील जड फायली आधी काढाव्यात, शिवाय ड्राइव्ह व जीमेलचा ट्रॅशही रिकामा करावा, कारण तिथले सामानही जागा अडवते. मात्र बटण दाबल्यानंतर बहुधा खात्यातील प्रतच एकमेव उरते, म्हणून घरच्या गणपतीचे फोटो तिथून पुसण्यापूर्वी पेनड्राइव्हवर अवश्य उतरवून घ्यावेत.