पुडी बांधण्याची पदवी

आमचे तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान आहे आणि मी बी. फार्म. झालेली आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे मला प्रवेश घेताना वाटले नव्हते. नीटने मला डॉक्टर होऊ दिले नाही आणि सीईटीने कॅप राउंडमधून पुण्याच्या एका फार्मसी महाविद्यालयात नेऊन बसवले, तेव्हा गूळ, तेल आणि पोत्यांच्या वासातून आपली कायमची सुटका झाली या आनंदात मी दोन पांढरे अ‍ॅप्रन शिवून घेतले. आत्या म्हणाली, "म्हणजे तू मेडिकल टाकणार तर! मग त्याला डी. फार्म. पुरतं की. दोन वर्षांत होतं. चार कशाला घालवतेस?" या प्रश्नाचे उत्तर मी पुढची चार वर्षे निरनिराळ्या लग्नांत, बारशांत आणि एसटीच्या प्रवासात देत राहिले, आणि एकदाही ते कोणाला पटले नाही.

पहिल्या सत्रात प्रात्यक्षिकाला सिरप आले. वजनाने ६६.७ टक्के साखर, बाकी शुद्ध पाणी, मंद आच, गाळणे आणि जर्नलमध्ये चार पाने लिखाण. सुट्टीत घरी आल्यावर मी आईला हे मोठ्या ऐटीत सांगितले. तिने शांतपणे विचारले, "एकतारी की दोनतारी?" साखर इतकी दाट असली की तीत जंतू वाढू शकत नाहीत, हे त्यामागचे शास्त्र मी समजावू लागले, तर तिने फडताळातून मोरावळ्याची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

त्यानंतर पुड्यांची पाळी आली. औषधाची भुकटी तंतोतंत सारख्या भागांत वाटून, कागदाला ठरावीक घड्या घालून, एकसारख्या लांबीच्या सहा पुड्या बांधायच्या होत्या. माझ्या सहा पुड्या सहा वेगवेगळ्या घरांतून आल्यासारख्या दिसत होत्या. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हे ऐकले आणि गिऱ्हाइकाशी उडदाच्या डाळीच्या भावावर बोलत असतानाच, हाताकडे न पाहता, कागद दुमडून दाखवला. "कड आधी मोडायची, मग माल टाकायचा. तुम्हाला हे कॉलेजात शिकवतात?" शिकवतात, आणि त्याची फी अण्णाच भरत होते, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले असावे, कारण त्यानंतर थोडा वेळ दुकानात कोणी काही बोलले नाही.

मात्र इमल्शनपुढे, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव करण्यापुढे, घरचे ज्ञान कामी आले नाही. लिक्विड पॅराफिनचे इमल्शन करताना तीन भाग तेल, दोन भाग पाणी आणि एक भाग बाभळीच्या डिंकाची पूड असे प्रमाण असते. कोरड्या खलात तेल आणि डिंक एकत्र घोटायचे, मग मोजलेले सगळे पाणी एकदम ओतायचे आणि एकाच दिशेने जोरात घोटत राहायचे, म्हणजे मिश्रण दुधासारखे पांढरे आणि दाट होते आणि बत्त्याखालून चट् चट् असा आवाज येऊ लागतो. हा आवाज आला की प्राथमिक इमल्शन जमले. तो आला नाही, तर वर तेल तरंगते आणि विद्यार्थ्याने खल धुवायला न्यायचा असतो. आमचे सर टेबलांमधून हात मागे बांधून, मान किंचित तिरकी करून, गाण्याच्या परीक्षेला बसल्यासारखे ऐकत फिरत. शेजारच्या मुलीच्या खलातून चटचटाट चालू होता आणि माझ्या खलातून फक्त माझ्या मनगटाचा आवाज येत होता. चार वेळा केले, चारही वेळा फाटले. खल ओला राहिला होता, हे मला पाचव्या वेळी कळले. आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "ताक घुसळतानासुद्धा लोणी यायच्या वेळी आवाज बदलतो, तसंच असेल." तिचा कान अचूक होता, पण काम नेमके उलटे होते. सायीतले जमलेले इमल्शन मोडून लोणी काढण्यात तिचा तीस वर्षांचा अनुभव होता आणि मला ते जमवायचे होते. पाचव्या खेपेला आवाज आला तेव्हा प्रयोगशाळेत वीज गेली होती, अंधारात मीच ओरडले, "सर, माझं वाजलं!"

दुकान मात्र पाठ सोडायला तयार नव्हते. फार्माकोग्नॉसी हा वनस्पतिजन्य औषधांचा विषय सुरू झाला आणि पहिल्याच तासाला टेबलावर लवंग, दालचिनी, सुंठ, धणे आणि बडीशेप मांडलेली पाहून मला हुंदका आला. ज्या मालापासून मी पळून आले, तो आता लॅटिन नावे धारण करून माझ्या आधी तिथे येऊन बसला होता. चांगली लवंग नखाने दाबली की तेल सुटते, ही पुस्तकातली कसोटी अण्णा व्यापाऱ्याच्या तोंडावर रोज करतात. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बडीशेप दाखवून "हे काय?" असे विचारले. मी जन्मभर विकलेल्या वस्तूबद्दल आत्मविश्वासाने "बी" म्हणून सांगितले. ते फळ असते. त्याचा आडवा छेद घेतला तर तेलाच्या सहा नळ्या दिसतात, चार पाठीकडे आणि दोन पोटाकडे. एवढे त्यांनीच मला सांगितले आणि पुढे विचारले, "भारतात फार्मसीच्या शिक्षणाचा पाया कोणी घातला?" प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ, १९३२, बनारस हिंदू विद्यापीठ, हे मी एका दमात म्हटले आणि वाचले. अण्णांना फळाची बातमी कळवली, तेव्हा त्यांनी विचारले, "मग फळाच्या भावाने विकू का?"

वजनाच्या बाबतीत मात्र आमचा बापलेकीचा खरा मतभेद झाला. तोलून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या देखत वर चिमूटभर टाकणे ही अण्णांच्या दुकानाची प्रतिष्ठा आहे. आमच्याकडे काट्याला काचेची पेटी असते, श्वास लागला तरी चौथा दशांश हलतो, आणि वीस गोळ्या एकेक करून तोलताना मोठ्या गोळ्यांचे वजन सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक फरकाने कमी भरले तरी दोष आणि जास्त भरले तरी दोषच. जास्त दिल्याबद्दल नापास करणारे दुकान चालते तरी कसे, हे अण्णांना अद्याप उमगलेले नाही.

सहाव्या सत्रानंतर १५० तासांचे प्रशिक्षण असते. मी ते एका औषधाच्या दुकानात केले. पँटोप्रॅझोल ही पित्तावरची गोळी पोटातल्या आम्ल तयार करणाऱ्या कोणत्या पंपाला कसे बंद करते, हे मी चित्र काढून सांगू शकत होते. पण काउंटरवर आलेल्या आजी "ती पिवळी, बारकी, सकाळची" एवढेच सांगत आणि मालक मागे न वळता बरोबर पाकीट काढत. डॉक्टरांचे अक्षर लागणे ही विद्या कोणत्याच सत्रात नव्हती. पाकिटातून दोन गोळ्या कापून देताना मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक उरलेल्या तुकड्यावर राहील अशी कात्री चालवायची, हे मला दहावीपर्यंत शिकलेल्या तिथल्या पोऱ्याने शिकवले.

पदवी मिळाली, राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी झाली. एका नात्यातल्या काकांनी ते प्रमाणपत्र त्यांच्या दुकानात टांगून मी घरी बसावे आणि दरमहा पैसे घ्यावेत असे सुचवले, त्यांना मी चहा देऊन वाटेला लावले. आता मी आमच्याच गावातल्या एका मेडिकलमध्ये उभी असते. तिथे एच-वन औषधांची, म्हणजे काही अँटिबायोटिक्ससारख्या चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या औषधांची, एक वही आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या नियमानुसार तीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते.

परवा अण्णांचा घसा धरला. ते रांगेत उभे राहून काउंटरपाशी आले आणि इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी डॉक्टरांनी सेफिक्झिम दिली होती. तीच दे. दोनच दे."

"चिठ्ठी?"

"अगं, मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच. ते अँटिबायोटिक आहे. ताप नाही, काही नाही. मिठाच्या गुळण्या करा, दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांकडे जा. आणि चिठ्ठी आणलीत तरी या वहीत तुमचं नाव लिहावं लागेल."

त्यांनी चष्मा लावून वही उलटीसुलटी पाहिली, रकाने ओळखीचे वाटले असावेत. "उधारी बरीच दिसते तुमच्याकडे," ते म्हणाले. मग बसलेल्या आवाजात, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी विचारले, "गुळण्यांना मीठ आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"मग ते माझ्याच दुकानात मिळणार," असे म्हणून ते विजयी मुद्रेने पायऱ्या उतरले, आणि रांगेतले दोघे त्यांच्या मागोमाग गेले.