जरा धरून ठेवा

लघवी ही गोष्ट बायकांना येत नाही. एवढं एकदा मनाशी पक्कं केलंत की पुढचं सगळं सोपं आहे. आपल्या बाजारपेठा, एसटी स्टँडं, मंगल कार्यालयं आणि शाळा बांधणाऱ्यांना हे केव्हाच कळलेलं होतं, मागे राहिलो ते आपण. पुरुषांना मात्र येते. फार येते, आणि आली की भिंत दिसते. भिंतीवर सगळ्या धर्मांच्या देवांच्या फरशा बसवल्या तरी फरशी जिथे संपते तिथे येते. तुम्हाला मात्र भिंत दिसली की भिंतच दिसली पाहिजे.

ही कला लवकर शिकावी. पहिली-दुसरीचं वय उत्तम. करंगळी वर केलीत की बाई म्हणतात, "आत्ताच मधली सुट्टी झाली ना?" झाली होती. पण मधल्या सुट्टीत संडासापुढे रांग असते, आत पाणी नसतं आणि दाराला कडी नसते. मैत्रीण कशाला म्हणतात हे मला तिथे कळलं. जी बाहेरून दार धरून उभी राहते आणि घंटा झाली तरी सोडून पळत नाही, ती. एक संडास चांगला होता म्हणे आमच्या शाळेत. त्याला कुलूप असे आणि किल्ली ऑफिसात. तपासणीला साहेब येणार असले की तो उघडत. साहेब कधी आत गेल्याचं मी पाहिलेलं नाही, पण सोय होती.

म्हणून घरून दिलेली पाण्याची बाटली भरलेलीच परत आणावी. आई ओरडेल. ओरडू दे. तीही ऑफिसातून तिची बाटली तशीच परत आणते.

वैद्यकाची पुस्तकं म्हणतात, मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते आणि निम्म्याच्या आसपास भरलं की मेंदूला निरोप जायला लागतो. पुस्तक लिहिणारा मे महिन्यात स्वारगेटहून सोलापूरला लाल डब्यातून गेलेला नसावा. आपल्याकडे निरोप गेला तरी मेंदू फोन उचलत नाही. इंदापूर गेलं, टेंभुर्णी गेली, मोहोळ आलं. मध्ये ढाब्यावर गाडी थांबते, कंडक्टर "दहा मिनिटं" म्हणून ओरडतो. पुरुष गाडीमागे जाऊन, चहा पिऊन, वर तंबाखू मळून परत येतात, तेव्हा तुमचा रांगेत चौथा नंबर असतो. त्यात पुढच्या बाईने नऊवारी नेसलेली असली तर सरळ गाडीत जाऊन बसावं.

आता, धरून ठेवल्याचे काही किरकोळ परिणाम होतात. पुरुषाची मूत्रनलिका सुमारे 20 सेंटिमीटर, बाईची जेमतेम 4. जंतूंना आपल्याकडे अंतर कापावं लागत नाही, उंबरा ओलांडला की माजघर. त्यात पाणी कमी प्यालेलं आणि तासन् तास साठवून ठेवलेलं, म्हणजे पाहुण्यांना पंगतच. पण घाबरू नका. आपल्या पूर्वजांनी या रोगाला 'उन्हाळी लागणं' असं सुरेख नाव देऊन ठेवलंय. दोष ऋतूचा. डिसेंबरात लागली तरी उन्हाळीच. धने-जिऱ्याचं पाणी प्यावं, सब्जा घ्यावा, जावेला विचारून तिच्या उरलेल्या पाकिटातल्या दोन गोळ्या घ्याव्यात. आग थांबली की तिसरी घेऊ नये. डॉक्टरने सांगितलेले दिवस पुरे करणं हा पैसेवाल्यांचा नाद आहे. लघवीची कल्चर तपासणी तर मुळीच करू नये. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे कळून पुढच्या वेळची मजा जाते.

पाळीचंही धरून ठेवता येतं, बरं का. गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर जा. तोंडातून शब्द काढावा लागत नाही. तो माणूस तुमचा चेहरा बघून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या काढतो, डोकेदुखीची काढावी तशा. डॉक्टरची चिठ्ठी विचारून तो तुम्हाला ओशाळवत नाही. पूर्वी रक्ताची गुठळी झाली होती का, यकृताचा त्रास आहे का, असलं तर अजिबातच नाही. गौर तीन दिवस माहेरी येते. तिला विटाळ नको म्हणून आपण आपलं शरीर पंचांगाप्रमाणे चालवायचं. गोळ्यांचं पाकीट तो वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देतो. त्या काळ्या पिशवीत काय आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावं, हाच तिचा उपयोग.

लग्न झालं की उन्हाळी वरचेवर लागू लागते. डॉक्टर सांगतात, संबंध झाल्यावर उठून लघवी करून यावं. दीड खोलीच्या घरात, सासूबाईंच्या अंथरुणावरून ओलांडून, गॅलरीच्या टोकाच्या संडासात रात्री साडेअकराला. डॉक्टर अविवाहित असावेत.

बाळंतपणाबद्दल फार सांगत नाही, त्यावर सल्ला द्यायला तुमच्याकडे अख्खी चाळ आहे. फक्त नंतर शिंकताना, खोकताना, दोरीवरच्या उड्या मारताना थेंब-थेंब जायला लागलं तर कुणाला सांगू नका. हसताना पाय आवळून हसा. मुळात हसूच नका, बायकांना तसंही फार हसणं शोभत नाही. आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1948 साली यावर व्यायाम सांगून ठेवलाय. ज्या स्नायूंनी लघवी अडवतो ते आवळायचे आणि सोडायचे, बसल्या जागी, फुकट. आपण यात जगाला शिकवू असं मला वाटलं होतं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "आवळता छान येतंय हो तुम्हाला. सोडता येत नाहीये."

पुढे ऑपरेशन. कुटुंब नियोजन दोघांचं असतं, असं भिंतींवर लिहिलेलं असतं (त्याच भिंती). 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायका नसबंदी केलेल्या निघाल्या. ज्यांच्या नवऱ्याने केली होती अशा 0.3. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, तासाभरात घरी जाता येतं. पण त्यांना जड उचलावं लागतं ना. हंडे कोण उचलतं, ते विचारू नये.

दुखतंय, खाजतंय, अंगावरून पांढरं जातंय, यातलं काहीही बोलू नये. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं आणि 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. 92 टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता. त्याआधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या होत्या 8 टक्के. म्हणजे बघा, न तपासता किती निरोगी होत्या त्या! डॉक्टर आले आणि आजारी पडल्या.

आणि धरून ठेवणं अगदीच जमेना तर गर्भाची पिशवी काढून टाकावी. ही युक्ती मराठवाड्यातून घ्यावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल आधीच घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेणार. पाळीत पोट दुखतंय म्हणून खोपीत पडून राहिलेल्या बाईचाही खाडाच. पहाटे अंधारात फडात शिरायचं, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, पाणी नाही, आडोसा म्हणजे उसाचा, आणि तो आपणच तोडत चाललेला. तेच कापड, तीच उन्हाळी, तेच पांढरं जाणं. मग कुणी खासगी डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झालीय, राहिली तर कॅन्सर होईल. मुलं झालेलीच असतात. पिशवीचं काय लोणचं घालायचंय? 2019 साली सरकारने समिती नेमली. पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. ऑपरेशनला घेतलेलं कर्ज पुढच्या हंगामाच्या उचलीतून फिटतं, म्हणजे पुन्हा तोच फड. तिशी-पस्तिशीत पाळी गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात, कंबर जाते. पण खाडा होत नाही! हिशेबाला पक्की आहे ती बाई. मी यावर विनोद करू पाहतेय आणि तो होत नाहीये, तेव्हा पुढे जाते.

पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे पाळी जाते आणि सगळे म्हणतात, सुटलीस. त्यानंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने खालची त्वचा पातळ आणि कोरडी होते, मूत्रमार्गाचीही होते. आग होते, घाई लागते, रात्री तीनदा उठावं लागतं. यावर लावायची क्रीमं मिळतात. पण या वयात तिथे क्रीम? लोक काय म्हणतील? (लोकांना कळणार कसं, हे मला अजून सुटलेलं नाही.) माझी आजी संध्याकाळी चारनंतर चहा घेत नसे. आम्ही म्हणायचो, आजीला किती शिस्त! ती गेल्यावर आत्याने सांगितलं, तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं, वीस वर्षं. कापडाची घडी ठेवून ती आमचे लाडू वळत होती. आत बसवायची रबरी कडी मिळते, तीही तेव्हा कुणी सांगितली नाही. तिनेही विचारली नव्हती म्हणा.

सरकारवर टीका करू नका. मुंबईत 2011 पासून बायका 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवतायत. मुतारी पुरुषांना फुकट आणि आम्हाला पैसे का, असं विचारतात. उघड आहे, आपण दार लावतो, दाराचं भाडं पडतं. 2015 साली उच्च न्यायालयानेही महापालिकांना सांगितलं, बायकांसाठी रस्त्यांवर स्वच्छ स्वच्छतागृहं बांधा. काही ठिकाणी बांधलीही. गुलाबी रंगाची, वर फुलपाखरू.

मी मात्र तुमच्यासारखी धीराची नाही. गेल्या महिन्यात आग सहन होईना, तेव्हा गेले डॉक्टरांकडे. त्यांनी चिठ्ठी दिली, लघवी तपासून आणा. लॅबमध्ये मुलीने झाकणाची बाटली हातात दिली. सकाळपासून मुद्दाम धरून ठेवली होती. दारापाशी गेले तर कुलूप.

"किल्ली मावशींकडे असते," ती म्हणाली. "जेवायला गेल्यात. थांबता का दहा मिनिटं?"

"थांबते की," म्हटलं. बाटली पर्समध्ये ठेवली आणि पायावर पाय टाकून बसले.