क्ष-किरणच का?

लेसरच्या एका स्पंदाने (क्षणिक झोताने) धातूच्या पातळ थरांतलं चुंबकत्व पिकोसेकंदाच्याही (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही) आत ढासळतं, हे तुमच्या लेखात छान मांडलंय. पण ते पाहायला क्ष-किरणच का, हे राहून गेलं, आणि खरी गंमत तिथेच आहे. लोखंड सुमारे ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे क्ष-किरण जोरात शोषतं, निकेल ८५३च्या आसपास. म्हणजे किरणांची ऊर्जा बदलून एकावर एक बसवलेल्या थरांतला हवा तो धातू निवडता येतो! मग डाव्या-उजव्या वर्तुळाकार ध्रुवित किरणांच्या (म्हणजे ज्यांचं विद्युत क्षेत्र पुढे जाताना डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरतं अशा किरणांच्या) शोषणातला फरक मोजायचा. त्यावरून त्याच धातूचं चुंबकत्व कळतं. १९९६मध्ये निकेलवर हे ढासळणं प्रथम दिसलं, ते मात्र क्ष-किरणांनी नव्हे, लेसरच्याच प्रकाशाने. कळव्यात बारावीला शिकवते. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरही (वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावरही) सविस्तर लिहा, मुलांना नक्की वाचायला देईन.