पंगतीतला ससा

आज एका तेरवीला गेलो होतो. गेलेला पोरगा एक्केचाळीस वर्षांचा. गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांना उगाच त्रास. सोयाबीन निघालं होतं, थ्रेशरवाल्याचा हिशोब बाकी होता. रात्री छातीत दुखलं, सकाळी माणूस नाही. नऊ वर्षांचा मुलगा डोक्यावर टोपी घालून मांडवात फिरत होता, मुंडण झालेलं. मोठी माणसं जेवली का म्हणून विचारत होता.

आणि माझ्या बाजूच्या पत्रावळीवरचा माणूस, वांग्याच्या भाजीवर मोबाईल धरून, चार जणांना रील दाखवत होता. पांढरा कोट घातलेला कोणीतरी ओरडून सांगतोय की कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे.

"सशाले खाऊ घातलं अन् माणसाले भेव दाखवलं भाऊ. गोळ्या खपवाचे धंदे हायेत सारे."

पाच-सहा माना हलल्या. त्यातला एक म्हणाला, "माह्या बुढ्याची गोळी म्या कधीचीच बंद केली."

मी उठलो. भरल्या पंगतीतून मधेच उठू नये, मला कळतं. उठलो. त्या घरच्यांची माफी मागतो, पण अजून हात थरथरतोय म्हणून हे लिहितोय. जो वाचेल तो वाचेल.

राजेहो, तो ससा खरा आहे. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह नावाच्या तरुण डॉक्टरने कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना चारलं आणि सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर धरले. ससा गवत-पाला खाणारा जीव, त्याच्यावरून थेट माणसाचं ठरवू नये, हेही खरं. झालं, रीलवाल्याचा एक मुद्दा मान्य. पण १९१३ नंतर शास्त्रज्ञ काय शंभर वर्षं झोपून होते का? तुम्ही रील सुरुवातीचे तीस सेकंद पाहून उठता, तसं आहे हे.

मला राग येण्याचं कारण वेगळं आहे. चार वर्षांपूर्वी तो रीलवाला मीच होतो.

आमच्या दादाला तुम्ही ओळखता. दुकानासमोरच्या बाकावर बसलेला असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला कापसाचा भाव सांगत. तेव्हा तो सेहेचाळीसचा होता. कुठल्याशा तपासणीत एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १७८ निघालं, जास्तच आणि तालुक्याच्या एका डॉक्टरने गोळी लिहून दिली. मी सोबत होतो. आत-बाहेर मिळून दोन मिनिटं. गोळी कशाची, कशासाठी, काही नाही. "आयुष्यभर घ्यायची" एवढंच. आयुष्यभर म्हटलं की आपल्या माणसाला ते सोसायटीच्या कर्जासारखं वाटतं, मग तो फेडायचं टाळतोच. दादाने तरी काही महिने नेमाने घेतली.

मग एका संध्याकाळी मी मोबाईलवर वाचलं की अमेरिकेने २०१५ च्या आहार-शिफारशींत कोलेस्टेरॉलचा रोजचा ३०० मिलिग्रॅमचा आकडा काढून टाकला. मी दुकानातूनच ओरडलो, "दादा, अंडे खा आता!"

तो म्हणाला, "म्हणजे कोलेस्टेरॉल खोटंच होतं म्हण ना."

मी म्हटलं, "तसंच दिसते."

तेवढे दोन शब्द. पुढचं मी वाचलंच नव्हतं. एका अंड्याच्या बलकात साधारण दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं, त्यात मोठा वाटा यकृताचा. त्यामुळे ताटातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तावर बहुतेकांमध्ये फार मोठा परिणाम दिसत नाही. म्हणून तो आकडा गेला. रक्तातलं एलडीएल वाढलं तरी चालेल असं कोणीही म्हटलं नव्हतं. अंड्यावरची केस थोडी सैल झाली आणि मी एलडीएललाही निर्दोष सोडून दिलं. ताट वेगळं, रक्त वेगळं. एवढं कळायला मला दादाचा ईसीजी पाहावा लागला.

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी शेतात वेचणाऱ्या बायांचा कापूस काट्यावर मोजणं सुरू होतं. दादा आकडा सांगायचा, वहिनी वहीत लिहायची. अकरा. साडेनऊ. चौदा. आणि चौदानंतर दादा बोललाच नाही. वहिनीला वाटलं काटा अडकला. वर पाहिलं तर हा घामाने निथळतोय. कार्तिकातल्या थंडीत. जबडा दुखतो म्हणाला. आम्ही दाढ समजलो. मग छाती जड म्हणाला, तर गॅस समजलो. माझ्याच दुकानातून सोड्याचं पाकीट नेलं, ओवा चघळायला दिला, पाठ चोळली. दोन तास. दोन तास आम्ही त्याची पाठ चोळत बसलो.

हे लिहिताना मला थांबावं लागलं, गिऱ्हाईक आलं होतं. एक पाव सोयाबीन तेल.

तर. कंपन्या लबाड आहेत हे मला कोणी शिकवू नका, मी वीस वर्षं माल विकतोय. लबाडी झालीही आहे. अमेरिकेतल्या साखरवाल्यांच्या संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना साडेसहा हजार डॉलर देऊन लेख लिहवून घेतला, तो १९६७ साली डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला, त्यात साखरेवरचा ठपका पुसट केला आणि बोट चरबीकडे दाखवलं. पैसे कोणाचे हे लेखात लिहिलंच नव्हतं. २०१६ साली जुनी कागदपत्रं निघाली तेव्हा भांडं फुटलं. साखरवाले सुटले हे वाईटच झालं. पण एक चोर सुटला म्हणून दुसरा साव ठरतो का?

आणि ती गोळी. पंगतीतल्या शहाण्याला वाटतं ती कुठल्या एसीत बसलेल्या व्यापाऱ्याने काढली. जपानमध्ये अकिरा एन्डो म्हणून शेतकऱ्याघरचा माणूस होता, लहानपणापासून बुरशीचा नाद. शरीरात कोलेस्टेरॉल बनणं अडवणारं काही बुरशीत सापडतं का हे तो शोधत होता, हजारो बुरश्या तपासल्यावर त्याला १९७३ साली पाहिजे ते मिळालं. कुठे? क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर. माझ्या दुकानात तांदळाला बुरशी धरली तर मी नशिबाला शिव्या देतो, जाऊ द्या. तिथून या साऱ्या स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या, गोळ्या निघाल्या. मग १९९४ साली उत्तर युरोपातल्या हृदयरोग्यांवरच्या चाचणीचा निकाल आला. ४,४४४ माणसं. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच खोटी गोळी, पाच वर्षांवर पाहत राहिले. खोटी गोळी घेणाऱ्यांत २५६ मेले, खरी घेणाऱ्यांत १८२. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक. चौऱ्याहत्तर तेरव्या, असं धरा. तो अभ्यास एका कंपनीच्या पैशाने झाला हे खरं, पण मेलेली माणसं मोजताना खोटं लिहिणं सोपं नसतं.

आणि ज्यांच्यात जन्मापासूनच एलडीएल रक्तातून उपसलं जात नाही, अशी लेकरं असतात. आई आणि बाप दोघांकडून तो दोष आला तर शाळेत जायच्या वयात हार्ट अटॅक. ना खर्रा, ना दारू, ना टेन्शन. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांनी तो उपसा कसा चालतो आणि कुठे बिघडतो हे शोधलं, १९८५ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी. त्या लेकरांना सांगा जाऊन, थोतांड आहे म्हणून.

दादाकडे येतो. तालुक्याला ईसीजी निघाला, तिथल्या पोरसवदा डॉक्टरने काहीतरी चघळायला दिलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, "उशीर केला काका." मग नागपूर. गाडीत दादाचं डोकं माझ्या मांडीवर, पूर्ण रस्ताभर बायांचे आकडे पुटपुटत होता. अकरा, साडेनऊ, चौदा. दोन स्टेंट पडले. माणूस वाचला. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा बरंच कमी. तेलाचा पंधरा किलोचा पिपा एका हाताने उचलणारा माणूस आता दुकानाच्या दोन पायऱ्या चढून उभा राहतो.

परत आल्यावर विम्याचे कागद पाहायला वहिनीने अॅल्युमिनियमचा डबा उघडला. सातबारा, पासबुक, पीकविम्याच्या पावत्या, आणि त्यांच्याखाली गोळ्यांच्या नऊ पट्ट्या. न फोडलेल्या. विकत आणत राहिला, खात नव्हता. वहिनीला वाटावं घेतोय म्हणून. वहिनी मला काही बोलली नाही. अजूनही बोलली नाही. पट्ट्या मात्र मोजल्या, माझ्यासमोर, कापूस मोजतात तशा.

आता कोणीतरी खाली लिहीलच म्हणून आधीच सांगतो. तीन महिने गोळी बंद केल्याने नळी तुंबत नाही, ते वीस वर्षांचं काम. नागपूरच्या डॉक्टरांनीही "गोळी चालू असती तर झालंच नसतं" असं म्हटलं नाही. खर्रा दादाही खायचा. मान्य. सगळं मान्य. तरी रात्री मला "तसंच दिसते" ऐकू येतं, त्याला मी काय करू?

खर्ऱ्यावरून आठवलं. पंगतीतला तो गृहस्थ हात धुऊन आला आणि पहिलं काम काय, तर खिशातली पन्नी काढून खर्रा घोटायला बसला. मोबाईलवर थोतांड, तळहातावर तंबाखू. २००४ साली ५२ देशांतल्या पेशंटांचा मोठा अभ्यास आला होता, सलीम युसूफ यांचा, त्यात हार्ट अटॅकच्या कारणांत सगळ्यांत वर दोन गोष्टी होत्या: सिगारेट-बिडी आणि रक्तातली बिघडलेली चरबी. पुढे त्याच अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांचाही धोका वाढलेला दिसला. आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेशकडच्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो हेही त्यातच दिसलं. एक्केचाळीस. सेहेचाळीस. अजून पाहिजेत का?

खाण्याचं म्हणाल तर मी कोणाचं ताट ओढणार नाही. दादा आता जवसाची चटणी रोज खातो, वहिनी जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजते, वास दुकानापर्यंत येतो. चांगलाच आहे जवस, आपल्याच मातीतला. पण जवस गोळीच्या सोबत, गोळीच्या जागी नाही. गोळीने कोणाकोणाचे पाय दुखतात हेही खरं आहे. मग डॉक्टरला सांगा, डोस बदलतात, गोळी बदलतात. मनानं बंद करू नका. आणि अंड्याला भिणारी माणसं माझ्याकडून खारी आणि डालडा किलोने नेतात, हे तर मी तोंडाने सांगूही शकत नाही, धंदा आहे माझा. २०२२ पासून तेला-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे डबाबंद मालाचं पूर्वीपेक्षा बरं आहे. स्टँडवरच्या आलूबोंड्याच्या कढईत सकाळपासून तेच काळं तेल उकळतं, तिथे मर्यादा कोण मोजणार? मीही खातो म्हणा तिथे. आठवड्यातून एकदा.

मघाशी जितका चिडलो होतो तितका आता नाही. तो पंगतीतला माणूस वाईट नाही, गेल्या वर्षी आमचं बोअरवेलचं काम त्यानेच केलं. त्याला फोन लावला होता आत्ता. म्हटलं, ज्याने बापाची गोळी बंद केली म्हणाला तो कोण, त्याचा नंबर दे. "कायले?" म्हणाला. मी म्हटलं, दे तर खरं. दिला. दोनदा लावला, उचलत नाही. सकाळी परत लावतो.

दादा विचारतोय एवढं काय लिहून राहिला. सांगितलं, तुझंच. म्हणाला, "पट्ट्या नऊ नव्हत्या, आठ होत्या." वहिनी आतून ओरडली, "नऊ."

तर उद्या मी माल भरायला तालुक्याला जातोय. गाडीत पुढे दोन माणसांची जागा आहे. ज्याला रक्तातली चरबी तपासायची असेल त्याने सकाळी साडेसहाला दुकानासमोर यावं. चहासुद्धा पिऊन येऊ नका, तिथला लॅबवाला परत पाठवतो. ज्यांच्या घरी चाळिशीच्या आसपास कोणी असं गेलंय, त्यांनी आधी यावं. भाडं नाही. येताना गाडीत माल असेल, पिपा मांडीवर घ्यावा लागेल.